शॉकअप बदलले, लिंक रॉड बदलले, तरी गाडीची खडखड परत का येते?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज जा-ये करणाऱ्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते. पावसाळा सरत आला की पुढून टक-टक सुरू होते. गॅरेजवाला लिंक रॉड (गाडीचं कलणं आवरणाऱ्या आडव्या स्टॅबिलायझर बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी दांडी) बदलतो आणि आवाज जातो. दिवाळी शांततेत पार पडते, मग तोच आवाज त्याच बाजूने परत येतो. या वेळी लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या भागाचे, बुश बदलले जातात. होळीपर्यंत बरं चालतं, पुढे पुन्हा तेच. एवढ्यात गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलायला लागलेली असते, ब्रेक मारला की नाक खाली घालते. अशा वेळी कुणीतरी जाणकार भेटतोच: "कंपनीचं सस्पेन्शनच मऊ आहे रे, गॅसचे शॉकअप टाक, स्प्रिंगचा एक वेढा कापून घे, मग बघ गाडी कशी रोड पकडते."

हा सल्ला ऐकायच्या आधी थोडं थांबा. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या, खिळखिळ्या बुशांवर उभ्या असलेल्या गाडीत महागडे शॉकअप टाकून फार काही हाती लागत नाही. शोरूममधून बाहेर पडताना गाडी जशी चालत होती, तशी ती परत चालायला लागली तर निम्म्या लोकांची 'हँडलिंग सुधारायची' हौस तिथेच भागते. आणि तसं होत नाही, याला बहुतेक वेळा सुटे भाग जबाबदार नसतात, ते बसवायची पद्धत असते.

इथे जे लिहितोय ते स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटी, टियागो, अल्ट्रोझ अशा गाड्यांना धरून आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. मागे दोन्ही चाकांना जोडणारा टॉर्शन बीम. बोलेरोसारख्या मागे पाटे असलेल्या गाड्यांचं गणित वेगळं, त्यात शिरत नाही.

बुश कसा मरतो

लोअर आर्मचा बुश म्हणजे एकात एक घातलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्या मध्ये, दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये प्रेसने दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी सांगाड्याला जखडली जाते. आर्म त्या बोल्टाभोवती दाराच्या बिजागरीसारखा फिरत असेल असं वाटतं, पण तसं नसतं. आतली नळी जागची हलत नाही. चाक वर-खाली झालं की मधलं रबर पिळलं जातं आणि पुन्हा मूळ जागी येतं. आर्मची सगळी हालचाल त्या बोटभर जाडीच्या रबरात होते.

मग त्या रबराची आरामाची जागा कुठली? बोल्ट ज्या क्षणी आवळला, त्या क्षणी आर्म जिथे होता ती.

आता आपल्याकडे बुश कसे बदलतात ते आठवा. गाडी लिफ्टवर किंवा जॅकवर उचललेली असते, चाकं काढलेली, आर्म खाली लोंबतोय. मिस्त्री नवा बुश प्रेस करून आणतो, आर्म चढवतो, गन लावून बोल्ट गच्च करतो, चाक लावतो आणि गाडी खाली उतरवतो. गाडी जमिनीवर टेकताच आर्म वर जातो आणि रबर पिळलं जातं. यापुढे गाडी सोसायटीत रात्रभर नुसती उभी असली तरी ते पिळलेलंच राहणार. त्यात सकाळी मेट्रोच्या खांबांशेजारचा खड्डा आला की आधीच ताणलेलं रबर आणखी ताणायचं. काही महिन्यांत ते नळीपासून सुटतं किंवा मधोमध चिरतं. मग आर्म पुढे-मागे सरकायला मोकळा होतो आणि ब्रेक दाबताना एक 'टक', सोडताना दुसरं 'टक' ऐकू येतं.

यातली फसगत अशी, की नवा बुश टाकून गॅरेजमधून निघताना गाडी छान घट्ट वाटते. गिऱ्हाईक खूश होतं. पिळलेलं रबर आर्मला खाली ढकलत असतं, त्यामुळे गाडीचं नाक किंचित उचललेलं राहतं आणि पुढची बाजू कडक लागते. त्या घट्टपणाला लोक 'काम मस्त झालं' म्हणतात. प्रत्यक्षात तेच बुश फाटण्याचं कारण असतं.

दुसरं कारण आपण स्वतः पैसे देऊन विकत घेतो. पावसाळ्याच्या तोंडावर गाडी धुवायला दिली की खालून डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल फवारून देतात. पत्रा गंजत नाही आणि चेसिस काळीभोर चमकते, हा त्यामागचा हिशोब. पण खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, आणि बुश, स्टॅबिलायझरची रबरं, डस्ट कव्हर या सगळ्यांचं आयुष्य घटतं. गंज रोखायचाच असेल तर त्यासाठीची अंडरबॉडी कोटिंग मिळते, ती रबर आणि एक्झॉस्ट झाकून मारून घ्या. फवारा मारणाऱ्या पोऱ्याला सरळ सांगा, "खाली ऑइल नको, नुसतं पाणी मार."

मिस्त्रीला काय सांगायचं

गॅरेजला जाण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून बरोबर वर, फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजपट्टीने घेऊन लिहून ठेवा. हे चार आकडे म्हणजे तुमच्या गाडीची उभी राहण्याची उंची. पुढच्या दोन बाजूंत स्पष्ट फरक दिसला तर तीही खूणच: एखादी स्प्रिंग बसली असेल किंवा मोडली असेल. स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला असतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही, हे सर्रास घडतं.

बुश बसवताना बोल्ट आधी बेताचेच लावायचे. मग लोअर आर्मच्या बॉल जॉइंटजवळ (चाकाकडच्या टोकाच्या सांध्याजवळ) दुसरा जॅक लावून आर्म हळूहळू वर घ्यायचा, ते लिहून ठेवलेलं अंतर जुळेपर्यंत. तिथे शेवटचं आवळायचं, आणि तेही गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) पक्की टेकलेली असल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, नुसत्या जॅकच्या भरवशावर तर मुळीच नाही.

मिस्त्री म्हणणार, "साहेब, वीस वर्षं हेच करतोय." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. सोपा मार्ग असा: बुश बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, आणि अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी स्वतःच्या चाकांवर, पूर्ण वजनानिशी उभी असते. तिथे मशीनचे सेन्सर लावण्याआधी आर्मचे बोल्ट एक वळसा सैल करायला सांगा, बोनेटवर दाब देऊन गाडी चार-पाच वेळा झुलवा आणि मग आवळून घ्या. "दादा, पाच मिनिटं जास्त घ्या, त्याचे वेगळे पैसे देतो" एवढ्यावर काम होतं. गेल्याच महिन्यात बुश बदलले असतील आणि अजून फाटले नसतील, तर हाच उपाय फुकटात लागू पडतो. नवा भाग काहीच लागत नाही.

बऱ्याच गाड्यांत आर्मचा मागचा बुश उभा, म्हणजे त्याची नळी वर-खाली दिशेने बसवलेली असते. त्याला पिळाचा हा नियम तितका लागू नाही. तिथे बुशवरची खूण बरोबर दिशेला ठेवून प्रेस करणं महत्त्वाचं. आडव्या नळीचे बाकी सगळे मात्र या नियमात येतात: आर्मचा पुढचा बुश, मागच्या बीमचे दोन मोठे बुश आणि मागच्या शॉकअपची खालची आय, म्हणजे बोल्ट जातो ते कडं. मागच्या शॉकअपचा बोल्ट कुणी गाडी खाली उतरवून आवळलाय असं सहसा दिसत नाही. मग मागून चुं-चुं आवाज यायला लागला की दोष जातो शॉकअपच्या कंपनीला.

कुठला रस्ता काय सांगतो

आवाज शोधायला गाडी गॅरेजमध्ये उभी करून उपयोग नसतो. 'चला, एक राउंड मारू' म्हणून मिस्त्री गाडी बाहेर काढतो ती नेमकी गुळगुळीत रस्त्यावर, आणि आवाज येतच नाही. ठाणे-नवी मुंबईत मात्र हव्या त्या प्रकारचा खराब रस्ता हाकेच्या अंतरावर आहे, ती सोय वापरा. त्याआधी डिकी रिकामी करा. स्टेपनीचा नट घट्ट आहे ना, जॅक आणि पाना त्यांच्या कप्प्यात आहेत ना, हे बघून घ्या. 'मागचा शॉकअप गेला' म्हणून आलेल्या गाडीत सैल जॅक निघणं ही गॅरेजवाल्यांची आवडती गोष्ट आहे.

पहिला टप्पा पेव्हर ब्लॉकचा. वस्तीतली कुठलीही उखडलेल्या ब्लॉकची गल्ली चालेल. काचा खाली, एसी आणि गाणी बंद, वेग पंधरा-वीस. इथे बारीक, भराभर येणारी टक-टक ऐकायची. ती येत असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा. आवाज थांबला तर सस्पेन्शनला हात लावू नका. ब्रेक कॅलिपरच्या पिना किंवा पॅड सैल आहेत, तिथे साफसफाई, योग्य ग्रीस किंवा पॅडच्या क्लिपा एवढंच काम. हलक्या ब्रेकने फरक पडला नाही तर संशय लिंक रॉडवर. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवून त्याच गल्लीत सावकाश एक फेरी मारा. आवाज गेला तर दोषी सापडला. या फेरीत गाडी जास्त कलेल, म्हणून मुख्य रस्त्यावर जाऊ नका आणि फक्त एकाच बाजूचा सोडवू नका.

तरीही टक-टक चालूच असेल आणि ती स्टिअरिंगच्या दांड्यातून हाताला जाणवत असेल, तर स्टिअरिंग रॅककडे वळा. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा, एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटपट, अगदी थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंड आणि रॅक एंडवर (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या दोन टोकांच्या सांध्यांवर) हात ठेवायचा. खेळ असेल तर बोटांना कळतो. चाक हवेत उचलून हलवायची जुनी पद्धतही कामाची आहे: घड्याळातल्या नऊ आणि तीनला धरून हललं तर टाय रॉड किंवा रॅक, बारा आणि सहाला धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग.

दुसरी जागा म्हणजे टॉवरच्या पार्किंगचा रॅम्प. स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवून गोल गोल वर चढताना 'टॉइंग' किंवा 'कट्ट' असा, स्प्रिंग उडी मारल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग जाम झालंय. बोनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकाशी हात ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकून-अडकून फिरत असेल तर लगेच कळतं. हे बेअरिंग आणि त्याचं रबरी माउंटिंग स्वस्त आहे, पण बदलायला पूर्ण स्ट्रट खाली काढावा लागतो. म्हणूनच शॉकअप बदलताना ते सोबत टाकायचं. वेगळं केलं तर मजुरी दोनदा.

तिसरी जागा पुलाचे सांधे. ऐरोली पूल घ्या किंवा वाशीचा खाडीपूल. सांध्यावरून गेल्यावर गाडी एकदा वर येऊन बसली पाहिजे. ती दोन-तीन हेलकावे घेत असेल, मागे बसलेल्यांच्या माना डोलत असतील, तर शॉकअपमधला दम संपलाय. याची शहानिशा टायरवरून होते. तळहात टायरच्या नक्षीवरून फिरवा. ठरावीक अंतराने उंच-सखल लाटा लागत असतील तर चाक रस्त्यावर आपटत-उडत चाललंय. बोनेट दाबून बघायच्या जुन्या युक्तीवर मी फार विसंबत नाही. पूर्ण गेलेला शॉकअप त्यात कळतो, अर्धा गेलेला कळत नाही.

शेवटी घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट. उतार, वळण आणि वळणातच खराब पॅच, असं तिन्ही एकत्र तिथे मिळतं. वळणात असताना खड्डा आला आणि गाडीचा मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटला तर मागचे शॉकअप किंवा बीमचे बुश बघा. आणि हो, अवजड वाहनांच्या गर्दीत हे प्रयोग करू नका. रविवारी पहाटे जा.

नवी मुंबईचा गुळगुळीत पाम बीच रोड या सगळ्यात कशासाठी? एकाच कामासाठी. तिथे मर्यादेतल्या वेगात, सरळ पट्ट्यात स्टिअरिंगची पकड क्षणभर सैल करून गाडी कुठल्या बाजूला ओढते ते बघायचं. रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, त्यामुळे डावीकडे किंचित ओढणं साहजिक आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर ते बॅलन्सिंगचं दुखणं, सस्पेन्शनचं नाही.

हवा आणि टायर

हँडलिंगचा सगळ्यात स्वस्त भाग टायरची हवा आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर कंपनीचा स्टिकर असतो. रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा दाब त्यावर वेगवेगळा दिलेला असतो. गणपतीला पाच माणसं आणि महिन्याभराचं सामान घेऊन कोकणात निघताना भरलेल्या गाडीचा आकडा पाळला, तर 'मागून गाडी बसते, डुलते' ही तक्रार बरीच कमी होते. दाब टायर थंड असताना मोजायचा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायर जुना झाला की रबर कडक होतं आणि नक्षी शिल्लक असली तरी पकड जाते. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचे टायर ठेवून सस्पेन्शनवर खर्च करायला निघालेली माणसं मला कळत नाहीत. रस्त्याला टेकतं ते टायरच.

रुंद टायर टाकायचा मोह होतो तेव्हा थोडा हिशोब करा. १८५/६५ आर १५ या टायरची भिंत १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर उंच. पूर्ण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. १९५/५५ आर १६ चा व्यास जवळपास तेवढाच भरतो, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. पण भिंत १०७ वर येते. हे तेरा मिलिमीटर वळणात गाडीला चपळ करतात आणि भर पावसात, पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकवतात. घोडबंदरवर राहणाऱ्याने मूळ मापातच चांगल्या प्रतीचा टायर घ्यावा, असं माझं मत.

अलाइनमेंट करताना आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागून घ्या. या गाड्यांत कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलायची सोय सहसा नसते, फक्त टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवतात. तरी कॅम्बरचे आकडे वाचा. डाव्या-उजव्यात अर्ध्या-पाऊण अंशापेक्षा जास्त फरक असेल तर स्ट्रट, आर्म किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांपैकी काहीतरी वाकलंय. तो भाग शोधल्याशिवाय दर तीन महिन्यांनी अलाइनमेंट करत राहणं म्हणजे नुसते पैसे घालवणं.

शॉकअप घेताना

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी तेलाच्या बारीक वाटांतून दमवून तिची उष्णता करायची, एवढंच. त्यामुळे गाडी बसली असेल तर नवे शॉकअप टाकून ती उठणार नाही, आणि हेलकावे खात असेल तर नव्या स्प्रिंगने ती शांत होणार नाही. 'गॅसचे' म्हणजे कडक, हाही गैरसमज. आत दाबाने भरलेला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, म्हणून सलग खराब रस्त्यावर शॉकअप ढिला पडत नाही. कित्येक गाड्यांत कंपनीचेच शॉकअप गॅसचे असतात.

बजेट बेताचं असेल तर मूळ दर्जाचे, कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचे शॉकअप घ्या. पुढचे दोन किंवा मागचे दोन, जोडीनेच. सोबत माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर नवं. बंप स्टॉप हा फोमचा छोटा तुकडा असतो, जुन्या गाडीत हात लावला की भुगा होतो. तो नसेल तर शॉकअप तळाला लोखंडावर लोखंड आपटतो आणि नवा शॉकअपही लवकर गळायला लागतो. सोसायट्यांच्या दाराशी घातलेले गतिरोधक बघता हा तुकडा सोन्याच्या मोलाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीसने गाडी त्यावरून सहज जाते. आपल्याकडे उंची तेवढीच किंवा जास्त ठेवतात आणि रुंदी वीतभर.

बसवताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. दुहेरी नळीचा नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचा असतो. आडवा पडून पडून तेलाच्या भागात शिरलेली हवा त्याने निघते. नाहीतर पहिल्या दिवसापासून 'खडक-खडक' आणि 'माल डुप्लिकेट निघाला' ही ओरड. दुसरं, वरचा नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून कुणी तो पकडीने धरत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. चकचकीत दांड्यावर पडलेला एक ओरखडा वर-खाली होताना सील कापतो आणि काही महिन्यांत तेल गळतं. दांड्याच्या टोकाला पाना किंवा ॲलन की धरायची जागा असते, ती त्याचसाठी.

जुन्या शॉकअपच्या अंगावर पातळ तेलकट धूळ दिसली म्हणून लगेच बदलू नका. थोडा ओलावा चालतो. ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र वेळ झाली.

याच्या वाटेला जाऊ नका

स्प्रिंग कापणे. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते, हिशोब बरोबर आहे. पण गाडी खाली येते, शॉकअपला दबायला उरलेली जागा कमी होते आणि बंप स्टॉप सतत मार खातो. शिवाय स्प्रिंगचं टोक बैठकीत बसेल अशा आकाराचं घडवलेलं असतं. कापलेलं टोक नीट बसत नाही आणि चाक खाली लोंबलं की स्प्रिंग जागची सरकते. कापायला गॅसची ज्योत वापरली तर त्या उष्णतेने पोलादाचं पाणीही उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो.

वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर. गाडी थोडी उचलली जाते, मागे माणसं बसली की बरं वाटतं, म्हणून हे भरपूर खपतात. जिथे बफर बसतो तिथले वेढे काम करायचे थांबतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो. वळणावर गाडी कमी कलेलही, पण खराब रस्त्यावर चाक उडायला लागेल. मागची गाडी बसली असेल तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगची जोडी घ्या.

कुर्ल्याच्या बाजारातून जुने शॉकअप. तिथून दार, बंपर, आरसा जरूर आणा. शॉकअपचं आयुष्य मात्र बाहेरून दिसत नाही.

थोडे पैसे उरले तर

वरचं सगळं झाल्यावरही गाडी वळणावर फार कलते असं वाटलं, तर आधी छतावरचा कॅरियर काढा. वळणात वजन एका बाजूकडून दुसरीकडे किती जाईल हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं आडवं अंतर यांवर ठरतं. कडक स्प्रिंगने ते एकूण वजन कमी होत नाही, फक्त कलणं कमी दिसतं.

त्यानंतर माझी पसंती जाड स्टॅबिलायझर बारला. बारचा कडकपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा टाकला तर तो सुमारे ४६ टक्के कडक होतो. स्प्रिंगला हात न लावता, सरळ रस्त्यावरचा मऊपणा बराचसा तसाच ठेवून वळणावरचं कलणं आवरतं. तुमच्या गाडीसाठी बनवलेला बार मिळत असेल तरच घ्या. फॅब्रिकेशनवाल्याकडून सळई वाकवून घेऊ नका.

बार पुढे टाकायचा की मागे, हा मात्र विचाराचा भाग. पुढचं इंजिन, पुढचंच चाक ओढणारं, अशा गाड्या वेगात वळताना नाकाने बाहेर जातात. मागे बार वाढवला की ही खोड कमी होते आणि गाडी वळायला उत्सुक वाटते. हीच उत्सुकता जुलैच्या पावसात, निसरड्या उतारावर, वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग बाहेर फेकू शकते. ज्या गाडीवर घरातली तीन वेगवेगळी माणसं हात चालवतात, तिच्या मागे मी बार लावणार नाही.

पॉलियुरेथेनचे बुश फक्त स्टॅबिलायझर बारच्या पट्ट्यांत टाकले तर स्वस्तात फरक जाणवतो. त्यांना सोबत मिळतं तेच सिलिकॉन ग्रीस लावायचं. आर्ममध्ये मात्र रबरच राहू द्या. पॉलीने गाडी नेमकी वळते खरी, पण सिमेंटच्या रस्त्याची प्रत्येक रेघ केबिनमध्ये ऐकू येते आणि वर्षभराने ग्रीस वाळलं की कुरकूर सुरू.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीत नोंदलेला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. मूळ मापाचे शॉकअप, बुश, स्प्रिंग ही दुरुस्तीच झाली. जाड बारसारखा वाढीव भाग बसवण्याआधी मात्र आपल्या आरटीओत, मग गाडी एमएच ०४ असो की एमएच ४३, आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. बिलं जपून ठेवा. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, त्यामुळे काही शे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट तपासून अलाइनमेंट पुन्हा एकदा करून घ्या.